वॉर्ड क्रमांक चार: अरुणा शानभाग प्रकरण, परिचर्येच्या बाजूने

अरुणा शानभाग हे नाव निघालं की बोलणं लगेच इच्छामरणावर जातं. ते स्वाभाविकही आहे. 7 मार्च 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालानेच भारतात निष्क्रिय इच्छामरणाला, म्हणजे जीवरक्षक उपचार काढून घेऊन मरण येऊ देण्याला, पहिल्यांदा कायदेशीर वाट मिळाली, आणि विधी महाविद्यालयांत हे प्रकरण त्या निकालापासूनच सुरू होतं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी मात्र ते परळच्या केईएम रुग्णालयाच्या वॉर्डापासून वाचायला हवं. परिचारिकेला जे माहीत असतं त्यातलं कायद्याच्या कानावर किती जातं, आणि जे जात नाही त्याची किंमत कोण मोजतं, हे इतकं उघड दाखवणारं दुसरं भारतीय प्रकरण मला माहीत नाही.

घडलं ते

अरुणा रामचंद्र शानभाग मूळची उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची. 1973 साली ती पंचवीस वर्षांची होती, केईएममध्ये स्टाफ नर्स होती आणि रुग्णालयातल्याच एका डॉक्टरांशी तिचं लग्न ठरलं होतं. 27 नोव्हेंबरच्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयातल्याच एका पुरुष कर्मचाऱ्याने कुत्रा बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमाराला सफाईला आलेल्या कर्मचाऱ्याला ती रक्ताच्या थारोळ्यात, बेशुद्ध सापडली. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला होता. मेंदूला आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती, आणि डोळे शाबूत असूनही तिची दृष्टी गेली होती.

पुढची साडेएक्केचाळीस वर्षं ती केईएममध्येच, वॉर्ड क्रमांक चारलगतच्या एका खोलीत होती. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने तिचा मृत्यू झाला.

जे कागदावर आलं नाही

हल्लेखोराला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी एवढ्यासाठीच. सात-सात वर्षांच्या दोन शिक्षा, त्याही एकत्र भोगायच्या. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर लागलाच नाही, कारण ती बाब पोलिसांपुढे ठेवलीच गेली नव्हती. मुलगी तरुण आहे, लग्न ठरलेलं आहे, ती बरी झाली तर तिला समाजात तोंड दाखवायचं आहे, असा विचार करून त्या वेळच्या वरिष्ठांनी ती गोष्ट बाहेर येऊ दिली नाही, हे नंतर अनेकदा छापून आलं आहे.

आजच्या विद्यार्थ्याला याचा संताप येतो, आणि यावाच. पण संताप आला म्हणजे अभ्यास झाला असं नव्हे. लपवणाऱ्यांच्या मनातही एक मूल्य होतं: रुग्णाची अब्रू राखायची. गोपनीयता हे परिचर्येचं जुनं मूल्य आहे, आणि ते चुकीच्या जागी कसं वापरलं जातं याचं हे ठळक उदाहरण आहे. गोपनीयतेचा हक्क रुग्णाचा असतो. इथे रुग्ण बेशुद्ध होती आणि तिच्या वतीने ठरवणाऱ्यांनी तिच्या अब्रूच्या नावाखाली तिचा न्यायाचा हक्कच सोडून दिला. शिवाय तिची अब्रू कशात आहे, हे त्या काळच्या समाजाच्या नजरेने ठरवलं गेलं. गुन्हा ज्याने केला त्याच्या अब्रूला कुणी हात लावला नाही.

त्या काळचा कायदाही तोकडा होता. तिच्यावर झालेला अत्याचार तेव्हाच्या बलात्काराच्या व्याख्येत बसत नव्हता, फार तर भारतीय दंड संहितेचं कलम 377 (अनैसर्गिक संभोगाचा गुन्हा) लावता आलं असतं. ती व्याख्या रुंदावली 2013 च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने, म्हणजे घटनेनंतर चाळीस वर्षांनी. पण तोकडा कायदाही वापरायला आधी नोंद लागते. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणातल्या नोंदी नेमक्या का लागतात, असं विद्यार्थी विचारतात तेव्हा मी याच खटल्याकडे बोट दाखवते. अंगावर काय दिसलं, कपडे कसे होते, कोणत्या वेळी कोणाला कळवलं: परिचारिकेने लिहिलेल्या चार ओळींवर आरोपपत्रातलं कलम ठरू शकतं.

त्यावेळी परिचारिका गप्प मात्र बसल्या नव्हत्या. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आम्हाला कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. परिचर्येच्या इतिहासात या संपाला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. आपल्याकडे परिचारिकेच्या सेवाभावाचं कौतुक भरपूर होतं, तिच्या हक्कांच्या भाषेचं होत नाही, आणि इथे तर दोन्ही गोष्टी त्याच बायका एकाच वेळी करत होत्या.

रोजचं काम

आता वॉर्डात जाऊ. स्वतःहून कूस न बदलणारा रुग्ण काही दिवस एकाच अंगावर राहिला तर माकडहाडाशी, टाचांशी, कोपरांशी कातडी लाल होते, मग फाटते, मग जखम हाडापर्यंत जाते. ते टाळायचं तर दर दोन तासांनी पोझिशन बदलायची, बॅक केअर द्यायची, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, ओलं झालं की लगेच बदलायचं, आणि पोटात पुरेशी प्रथिनं जातायत ना हे बघायचं. हे तिन्ही पाळ्यांत, गणपतीत, दिवाळीत, मुंबई पाण्याखाली असताना, वॉर्डात माणसं कमी असताना, एकही पाळी न चुकता. अरुणाला इतक्या वर्षांत एकही बेडसोअर झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयाने निकालात मुद्दाम दखल घेतली. न्यायाधीशांना तो चमत्कार वाटला असेल. ज्यांनी वॉर्डात काम केलं आहे त्यांना तो हजारो हँडओव्हरचा, एका पाळीने दुसरीला रुग्ण सोपवण्याचा, हिशोब वाटतो.

भरवण्याचंही तसंच. ती अनेक वर्षं तोंडाने खात होती. घास जवळ नेला की तोंड उघडायची, मासे आणि चिकनचं सूप तिला आवडायचं. लघवी-शौच झाली की ती विशिष्ट आवाज करायची आणि परिचारिकांना तो कळायचा. खोलीत माणसं वाढली की अस्वस्थ व्हायची, ती बाहेर गेली की शांत व्हायची. भक्तिगीतं लावली की निवळायची. ही माहिती कुठल्या तपासणीतून आलेली नव्हती. वर्षानुवर्षं हात लावून, कान देऊन ती जमली होती, आणि एका सिस्टरकडून दुसरीकडे तोंडी जात होती.

1980 च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवण्याचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. खाटेची गरज खोटी नव्हती; केईएमसारख्या रुग्णालयात जमिनीवर गाद्या टाकाव्या लागतात हे मुंबईकराला सांगायला नको. एका रुग्णाशी बांधिलकी आणि रांगेतल्या अनेकांना न्याय, ही खरीखुरी अडचण होती. परिचारिकांनी जो कौल दिला तो मला योग्य वाटतो, कारण अरुणा त्या रुग्णालयात काम करताना जखमी झाली होती आणि तिचं ऋण संस्थेवर होतं. पण तो कौल सहज देण्यासारखा होता असं मी म्हणणार नाही.

दोन प्रतिज्ञापत्रं, एक रुग्ण

2009 मध्ये पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाची ‘नेक्स्ट फ्रेंड’ या नात्याने, म्हणजे स्वतः बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या वतीने, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली: तिला भरवणं थांबवावं, तिला शांतपणे मरू द्यावं. याचिकेतली अरुणा अशी होती: हाडं ठिसूळ, कातडी कागदासारखी, मनगटं आत वळलेली, दात किडलेले, भान शून्य. रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रातली अरुणा वेगळी होती: नीट खाणारी, चेहऱ्याने प्रतिसाद देणारी, आवाजाने आपली गरज सांगणारी. न्यायालयापुढे एकाच बाईची दोन चित्रं आली.

मला या खटल्याचा गाभा इथे दिसतो. दोन्ही बाजूंपैकी कुणी खोटं बोलत होतं असं मानायची गरज नाही. बाहेरून येऊन पाहणाऱ्याला आखडलेलं शरीर दिसतं, रोज स्पंज देणारीला त्या शरीरातला बारीकसा होकार-नकार दिसतो. न्यायालयाने 24 जानेवारी 2011 रोजी तीन डॉक्टरांची समिती नेमली: टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. जे. व्ही. दिवेतिया, हिंदुजाचे डॉ. रूप गुरसहानी आणि सायन रुग्णालयाचे डॉ. नीलेश शहा. या तिघांनी अरुणाला तपासलंच, शिवाय परिचारिकांशी आणि इतर कर्मचाऱ्यांशी बोलून ते अहवालात लिहिलं. सूप, आवाज, भक्तिगीतं, गर्दीचा त्रास हे सगळं आज आपल्याला ठाऊक आहे ते या अहवालामुळे. चिरस्थायी अचेतन अवस्थेचे बहुतेक निकष ती पुरे करते, असंही त्यात स्वच्छ म्हटलं आहे. मेंदूच्या चाचण्या आणि सिस्टरांचं सांगणं एकाच कागदावर शेजारी शेजारी आलं, याला मी फार मोठं मानते.

त्याच अहवालात एका वार्षिक रिवाजाची नोंद आहे. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची प्रत्येक नवी तुकडी अरुणाच्या खोलीत नेली जाई आणि त्यांना सांगितलं जाई: ही आपल्यातलीच एक, फार चांगली, कामसू स्टाफ नर्स होती. ज्या मुलींचा जन्म हल्ल्यानंतर कित्येक वर्षांनी झाला, त्यांनीही तिला आपली मानलं ते या रिवाजामुळे. नीतिशास्त्राच्या तासाला जे साधत नाही ते त्या खोलीत साधत असलं पाहिजे.

निकाल, आणि उरलेला प्रश्न

न्यायालयाने याचिका फेटाळली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींना नाही, तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस तिचं सगळं त्यांनी केलं आहे, असं न्यायालय म्हणालं. आणि कर्मचाऱ्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: ती नैसर्गिकरीत्या जाईपर्यंत आम्ही तिला सांभाळू. पुढे कधी कर्मचाऱ्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावं, अशीही सोय निकालात ठेवली. तसा अर्ज कधी झाला नाही. मात्र याच निकालाने इतर रुग्णांसाठी उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढून घेण्याची पद्धत घालून दिली, म्हणजे हरलेल्या याचिकेनेच देशाला कायदा दिला. विराणींचं हे श्रेय मान्य करायला हवं.

सेवा करणाऱ्याला बोलण्याचा हक्क: भारतीय न्यायालयाने परिचर्येचा याहून मोठा सन्मान केल्याचं मला आठवत नाही. तरीही इथे थांबलं तर अभ्यास अर्धा राहतो. परिचारिका दोन गोष्टी सांगत होत्या. एक, अरुणाला वेदना आणि हाल नाहीत. दोन, ती जगावी. पहिल्या गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास आहे, त्या बाबतीत त्यांच्याइतका जाणकार दुसरा कुणी नव्हता. दुसरी गोष्ट मात्र त्यांची इच्छा होती. अरुणाला काय हवं असतं, हे त्यांना कळायचा मार्ग नव्हता. 2011 मध्ये खाटेशी उभ्या असणाऱ्या बहुतेकींनी तिचा शब्द कधी ऐकलेला नव्हता.

चिंतनशील परिचर्येचं काम नेमकं इथे सुरू होतं. आपल्याकडे अभ्यासक्रमात गिब्जचं चक्र येतं: काय घडलं, मला काय वाटलं, त्यात चांगलं-वाईट काय, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढे काय करेन. विद्यार्थी सहा रकाने भरतात आणि जर्नल जमा करतात. अरुणाच्या खोलीत हे रकाने प्रामाणिकपणे भरायचे म्हटले तर हात अडखळेल. घास भरवताना मला जे समाधान मिळतं ते कोणाचं? तिने तोंड उघडणं ही भूक आहे, सवय आहे की नुसती प्रतिक्षिप्त क्रिया? तिची सेवा हा आमच्या रुग्णालयाचा अभिमान झाला आहे, तर तो अभिमान तिच्या आणि माझ्या मधे येतो का? हे प्रश्न विचारले म्हणून सेवेत खोट निघत नाही. उलट, ज्या परिचारिका इतक्या एकनिष्ठ होत्या त्यांनाच हे प्रश्न झेपले असते, असं मला वाटतं. त्यांनी ते एकमेकींशी बोलून घेतले असतीलही, रात्रपाळीत अशी बोलणी होतात. ती लिहिली गेलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

भरवणं थांबवणं हा प्रश्न कायद्याच्या भाषेत एक आणि वॉर्डात दुसरा होता, हेही ध्यानात घ्यायला हवं. 1993 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने टोनी ब्लँड या तरुणाच्या बाबतीत नळीने अन्न देणं हा वैद्यकीय उपचार ठरवला, म्हणून तो थांबवता आला. त्या निकालाचा आधार आपल्या न्यायालयानेही घेतला. पण अरुणा श्वास स्वतः घेत होती आणि याचिका झाली तेव्हा तोंडाने जेवत होती. सप्टेंबर 2010 मध्ये तिला ताप आला, बहुधा मलेरियाचा. त्यानंतर खाणं कमी झालं आणि रायल्स ट्यूब (नाकातून पोटात अन्न नेणारी नळी) घालावी लागली. म्हणजे खटला चालू असतानाच तिचं जेवण ताटातून नळीत गेलं. वकिलांसाठी ती मोठी सीमारेषा होती. सिस्टरांसाठी ते त्याच रुग्णाचं त्याच वेळचं जेवण होतं.

नंतरचे कायदे

वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसाचाराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 2010 चा. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा 2013 चा, आणि सुरक्षित कामाची जागा देणं हे मालकाचं कर्तव्य असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तरीही 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीच्या महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राष्ट्रीय कृती दल नेमलं, आणि सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्या वेळी अरुणा शानभागची आठवण काढली. रुग्णालयांत रात्रपाळीच्या लोकांना पुरेशा विश्रांतीच्या खोल्या नाहीत, हे न्यायालयाला त्या आदेशात लिहावं लागलं. अरुणा कपडे बदलायला तळघरात गेली होती 1973 मध्ये.

इच्छामरणाच्या बाजूने कायदा बराच पुढे गेला. 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतो असं सांगून वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे पुढे आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. 24 जानेवारी 2023 रोजी ती पद्धत सोपी केली: इच्छापत्र आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. 2024 मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र करून तिथे अशी इच्छापत्रं करण्याची सुरुवात करून दिली. रुग्णाला काय हवं होतं, हा अरुणाच्या बाबतीत निरुत्तर राहिलेला प्रश्न आता निदान ज्याला वाटेल त्याला आधीच लिहून ठेवता येतो.

पण 2023 च्या पद्धतीत मला एक मोठी उणीव दिसते. उपचार थांबवायचे का, हे प्राथमिक मंडळ ठरवतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ. त्यावर दुय्यम मंडळ: मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पुन्हा किमान दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांत परिचारिकेला जागा नाही. 2011 मध्ये ज्या न्यायालयाने सेवा करणाऱ्यांच्या शब्दाला सर्वांत वर ठेवलं, त्याच न्यायालयाच्या पुढच्या चौकटीत तो शब्द विचारायची सोयच नाही. ही जागा मिळावी म्हणून परिचारिकांच्या संघटनांनी मागणी लावून धरली पाहिजे.

जागा मिळेपर्यंत नोंदी आपल्या हातात आहेत. आज आपल्या केसपेपरवर रक्तदाब, नाडी, इनटेक-आउटपुट, औषधं असतात. अचेतन किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी त्याच्या जोडीला एक पान असावं. कूस बदलताना चेहऱ्यावर काय दिसतं, कोणत्या आवाजाने शांत होतो, कोण आल्यावर अस्वस्थ होतो, घास कसा घेतो, गेल्या महिन्यात यात काय बदललं. शुद्धीत असताना त्याने आजाराबद्दल, मरणाबद्दल कुणाशी काही बोलल्याचं नातेवाईक सांगतात का. आणि त्याच पानावर खाली, वेगळ्या शाईत, सिस्टरचं स्वतःचं: मला काय वाटतं, आणि तसं मला का वाटतं. दिसलेलं आणि वाटलेलं असं वेगळं लिहायची सवय पहिल्या वर्षापासून लागली, तर मंडळाच्या टेबलावर फाईल उघडेल तेव्हा खुर्चीत परिचारिका नसली तरी तिचं म्हणणं त्यात सापडेल, आणि त्यावर तिची सही आणि पाळीची वेळ असेल.